एकट्याने चालवलेला विमानतळ

गुरुवारी दुपारी मी विमानतळावर पोहोचले तेव्हा माझे वडील धावपट्टीच्या कडेला गुडघ्यांवर बसून दिवा बदलत होते. गुडघ्यांखाली ट्रकमधली फाटकी उशी, तोंडात दोन स्क्रू. माझ्या हातात शाळेच्या खानावळीतून आणलेला डबा होता, राजमा-खिम्याच्या चिलीचा.

"त्या बाजूने येऊ नकोस," ते स्क्रू दातांत धरूनच म्हणाले. "टिटवी बसलीय."

धावपट्टीकडे जाणाऱ्या टॅक्सीवेच्या खडीत टिटवीने चार अंडी घातली होती. वडिलांनी शेजारी नारिंगी शंकू ठेवला होता आणि गवत कापायचं यंत्र गेला आठवडाभर त्याला वळसा घालून जात होतं. मी लांबून फिरून गेले.

"चिली?"

"शाळेतली. या वर्षातली शेवटची."

"आणि दालचिनीचा रोल?"

"रोलशिवाय चिली कोण आणतं?"

"तुझी आई आणायची. रागावली असली की."

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते तिच्याबद्दल असंच बोलायचे, ती शेजारच्या खोलीत असल्यासारखं. मी हसले आणि काचेचं झाकण धरलं. त्यांनी दिवा बसवला, एक स्क्रू आवळला, दुसरा खडीत पडला. आम्ही दोघं तो शोधत राहिलो. सापडला नाही. त्यांनी खिशातून दुसरा काढला. त्यांच्या खिशात नेहमी दुसरा असायचा.

पूर्वी झाकण धरायला लायल असायचा. लायल विमानतळावरचा एकुलता एक मदतनीस. कोरविन नगर परिषदेने दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या अंदाजपत्रकात, त्याची जागा रद्द केली. पाच विरुद्ध शून्य. त्या पाचांतली मी एक, आणि दुरुस्ती मांडलीही मीच होती. नगरसेविका म्हणून माझं ते पहिलंच वर्ष होतं. ग्रंथालयापासून बागेपर्यंत सगळ्यांची एकेक जागा कापली जात होती. विमानतळाच्या व्यवस्थापकाच्या मुलीने वडिलांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, याची मला फार काळजी होती. वडील शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. सभा संपल्यावर दाराशी मला म्हणाले, "पाई खायला येतेस?" आम्ही हॉटेलात रूबार्बची गोड पाई खाल्ली. त्या विषयावर ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

"मंगळवारी तू बाहेर बसणार ना?" त्यांनी डबा उघडत विचारलं.

"बसावंच लागेल. नियम आहे."

"बरं आहे. घरातल्या एकाला तरी ती भाषणं ऐकावी लागणार नाहीत."

मंगळवारी परिषदेपुढे ठराव होता. विमानतळ दहा वर्षांसाठी डेनव्हरच्या एका कंपनीकडे चालवायला द्यायचा, की नगरानेच तो चालवत राहायचं. व्यवस्थापक माझे वडील, म्हणून या विषयात माझा हितसंबंध. आधीच्या दोन्ही वाचनांच्या वेळी मी उठून बाहेरच्या बाकावर बसले होते. उरलेले चौघं दोन-दोन होते. बरोबरी झाली की ठराव पडतो, आणि आहे तसं चालू राहतं. गावातल्या प्रत्येकाला हा हिशेब तोंडपाठ होता.

"डॅड," मी म्हटलं, "तुम्ही दमलाय."

"गुडघे दमलेत. मी ठीक आहे." त्यांनी रोल चिलीत बुडवला. "पुढचे सगळे दिवे उद्या करतो. जा तू, पोरं पुस्तकं फाडत असतील."

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. एक वाजता मला परत जायचं होतं. मी गेले.

शुक्रवारी सकाळी सहाला ड्वाइट पोलाचेक पिकांवरच्या फवारणीचं विमान काढायला आला तेव्हा इंधनपंपाच्या सिमेंटवर वडील पडलेले होते. हृदय. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. डॉक्टर असंच म्हणतात, हे मी आईच्या वेळी शिकले होते.

*

अंत्यविधीच्या दिवशी ड्वाइट आणि आणखी तिघे वैमानिक चर्चवरून विमानं खाली आणत उडत गेले. काचा हादरल्या. नंतर तळघरात हॅम सँडविचं, बटाट्याचं सलाड आणि हिरवी जेली, आणि रांगेतला प्रत्येक जण माझा हात धरून एकच वाक्य बोलत होता.

"एकट्याने चालवला त्याने तो विमानतळ."

"एकट्याने, लोरीन. असा माणूस पुन्हा होणे नाही."

"बर्फात, उन्हात, नाताळच्या दिवशीसुद्धा. एकटा!"

एकतीस वर्षांतली एकोणतीस वर्षं लायल त्यांच्याबरोबर होता. लायल त्या रांगेत नव्हता. धान्याच्या कोठारावर त्याची पाळी होती आणि सुट्टी मिळाली नव्हती. मी प्रत्येकाला "हो, थँक यू" म्हणत राहिले.

नगराचे वकील ग्राउ माझ्यापाशी आले तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदी ताटलीत जेली थरथरत होती. त्यांनी आधी घसा साफ केला.

"ही वेळ नाही, मला कळतं."

"मग बोलू नका ना, मिस्टर ग्राउ."

"बोलावं लागतंय. सभा एक आठवडा पुढे ढकललीय. पुढच्या मंगळवारी." ते खाली बघत राहिले. "लोरीन, तुमचा हितसंबंध आता राहिलेला नाही. तुम्हाला बाहेर बसायचं कारण नाही. आता मत देता येईल."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. माझे वडील गेले होते, म्हणून मला माझं मत परत मिळालं होतं.

"दोन-दोन आहेत," ते उगीचच म्हणाले.

"मला मोजता येतं," मी म्हटलं.

*

ड्वाइट रविवारी घरी आला. दार वाजवायची सवय त्याला कधीच नव्हती. वडिलांच्या खुर्चीकडे बघून तो दुसऱ्या खुर्चीवर बसला.

"कॉफी?"

"आहे तर दे. नसेल तर करू नको." त्याने टोपी काढली. कपाळाचा वरचा भाग पांढरा आणि खालचा विटेसारखा लाल, सगळ्या फवारणीवाल्यांचा असतो तसा. "मंगळवारी काय करणारेस?"

"ठरवलं नाही."

"ठरवलं नाही? अगं पोरी, यात ठरवायचं काय? ती डेनव्हरची मंडळी आली की फाटकाला कुलूप लावतील. मला माझ्याच विमानापाशी जायला कार्ड लागेल. कार्ड! वर्लिनने, तुझ्या बापाने, कधी चावीसुद्धा मागितली नाही कोणाला."

"माहीत आहे."

"मग? त्याच्या नावाखातर तरी 'नाही' म्हण. जाहिरात द्या, एक चांगला माणूस ठेवा. वर्लिनने एकट्याने केलं, दुसराही करेल."

"ड्वाइट, त्यांना लायल होता."

"लायल!" तो हसला. "लायल रेडिओपाशी बसून शब्दकोडी सोडवायचा. शेवटची दोन वर्षं तर तोही नव्हता. काही अडलं?"

मी कॉफी ओतत होते.

"काही अडलं का?" त्याने पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्याला जाऊन दहा मिनिटं झाली तरी मी स्वयंपाकघरात उभीच होते. मग किल्ल्या घेतल्या आणि विमानतळावर गेले. सोमवारपर्यंत कार्यालयातली कागदपत्रं नगराच्या स्वाधीन करायची होती.

टेबलाच्या खालच्या खणात वडिलांच्या रोजच्या वह्या होत्या, वर्षाला एक. ते सगळं लिहायचे. धावपट्टीवर सापडलेला बोल्ट. कुंपणात अडकलेलं हरीण. मेलेला साप, लांबीसकट. 'पश्चिमेच्या वारादर्शक कापडी विंडसॉकला भोक, शिवलं.' मी या वर्षीची वही काढून अकरा फेब्रुवारीचं पान उघडलं.

'बर्फ काढला, ८.१० ते ९.४०. विशेष काही नाही.'

त्या सकाळी मी तिथे होते. शाळा बर्फामुळे उशिरा भरणार होती, म्हणून त्यांच्यासाठी गरम कोलाचे, जॅम भरलेले गोड पाव, घेऊन गेले होते. ते बर्फ ढकलायच्या ट्रकवर होते. कार्यालयात मी एकटी.

बर्फ काढायची त्यांची एक पद्धत होती. एकाने ट्रक चालवायचा, दुसऱ्याने आत रेडिओपाशी बसायचं. कोरविनला नियंत्रण मनोरा नाही. येणारे वैमानिक रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगतात, आणि खाली जे असतील त्यांनी ऐकायचं असतं. ट्रकमध्येही रेडिओ होता, पण हीटरच्या घरघरीत अर्धं ऐकू यायचं नाही. शिवाय काम सुरू करण्याआधी विमान वाहतूक खात्याला फोन करून सूचना नोंदवायची, की धावपट्टी बंद आहे, अमुक वाजेपर्यंत. आदल्या दिवशीही बर्फ पडला होता. वडिलांनी फोन केला होता. ती सूचना सकाळी आठपर्यंत होती.

आठ दहाला ते पुन्हा ट्रकवर चढले. त्यांच्या डोक्यात सूचना अजून चालू होती.

मी कोलाचेचा खोका टेबलावर ठेवत होते आणि रेडिओवर एका बाईचा शांत आवाज आला. ॲम्ब्युलन्सचं विमान, पाच मैलांवर, सरळ धावपट्टीवर उतरणार. पेशंटला न्यायला. मी खिडकीतून पाहिलं. उडणाऱ्या बर्फात ट्रकचा पिवळा दिवा धावपट्टीच्या बरोबर मध्यावर होता आणि त्याची पाठ विमान येत होतं त्या बाजूला होती.

मला रेडिओवर कसं बोलतात ते माहीत नव्हतं. म्हणजे लहानपणापासून ऐकत आले होते, पण एक शब्द सुचेना. मी माईक उचलला आणि किंचाळले, "थांबा! ट्रक आहे! माझे वडील आहेत खाली!"

मग त्याच शांत आवाजात, "समजलं, वर जातेय." विमान छपरावरून गेलं. वडिलांनी ट्रक थांबवून वर पाहिलं.

ते आत आले. हातमोजे काढले. एकेक बोट ओढत.

"मी फोन केला होता," ते म्हणाले.

"काल केला होता, डॅड."

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, माझ्याकडे न बघता, "तू हे कुठे बोलणार आहेस का?"

मी नगरसेविका होते. बोलायला हवं होतं. दुसऱ्या माणसाची जागा का रद्द झाली होती आणि कोणी रद्द केली होती, हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं असं नाही, पण त्या क्षणी खोलीत आम्ही दोघंच होतो.

"नाही," मी म्हटलं.

"बरं."

विमान दुसऱ्या फेरीत उतरलं. पेशंट वाचला. वैमानिक बाईने तक्रार केली नाही. बर्फाच्या दिवसांत विमानं पुन्हा वर जातातच. वडिलांनी तिच्या विमानात इंधन भरलं, तिला एक कोलाचे दिला, आणि संध्याकाळी वहीत लिहिलं, विशेष काही नाही. साप मेला तर लांबी लिहिणाऱ्या माणसाने.

मी वही कागदपत्रांच्या खोक्यात ठेवली. खोक्यावर चिकटपट्टी लावली. सोमवारी ग्राउंच्या कार्यालयात देऊन पावती घेतली.

*

मंगळवारी सभागृहात जागा नव्हती. मागच्या भिंतीला टेकून फवारणीवाले उभे, पुढे चर्चमधल्या बायका, उजवीकडे व्यापारी मंडळाचे लोक कोटात. लायलही आला होता, कोठाराची धूळ अंगावर घेऊनच, दाराजवळ. मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले तेव्हा कुजबुज थांबली.

नगराध्यक्षा ऑड्रा स्टुर्म यांनी हातोडी आपटली. "प्रत्येकाला तीन मिनिटं. लाल दिवा लागला की बसायचं. ड्वाइट, हे मी तुला सांगतेय."

"मला तीन मिनिटं पुष्कळ झाली," मागून ड्वाइट म्हणाला. "मी कंपनीसारखा तासावर पैसे घेत नाही."

लोक हसले. कंपनीची प्रतिनिधी मिस केंड्रिकही हसली. ती तरुण होती, नीट तयारी करून आलेली, आणि तिचा आवाज चांगला होता. तिने पडद्यावर आमची धावपट्टी दाखवली, मग नवं कुंपण, मग कॅमेरे. "कर्मचारी एकच असेल, पूर्ण वेळ. बाकीचं लक्ष आम्ही डेनव्हरहून ठेवू." ती क्षणभर थांबली आणि माझ्याकडे वळली. "दिवंगत मिस्टर हावलिक यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. या आकाराच्या विमानतळाला एक माणूस पुरतो, हे त्यांनीच दाखवून दिलं. आमचा आराखडा त्यांच्याच कामावर बेतलेला आहे."

मी टेबलाची कड धरली.

मग ड्वाइट आला. माईक त्याच्या उंचीला पुरला नाही, तो वाकला. "ही बाई बरोबर बोलली. एक माणूस पुरतो. मग तो एक माणूस आपलाच का नको? डेनव्हरचा कशाला? वर्लिनने एकट्याने केलं. बर्फ त्यानेच काढायचा, रेडिओ त्यानेच ऐकायचा, गवत त्यानेच कापायचं. कधी काही अडलं? एकदा तरी?" त्याने मागे वळून सगळ्यांना विचारलं. "सांगा ना!"

टाळ्या. खूप टाळ्या. दाराजवळ लायलने मान खाली घातली होती. तो टाळ्या वाजवत नव्हता.

माझ्या शेजारी बसलेला गॅरेट नूनन, औषधांच्या दुकानाचा मालक, कंपनीच्या बाजूचा, माझ्याकडे झुकला. "तुझं मत मला माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "राग नाही माझा. मीसुद्धा माझ्या बापासाठी तेच केलं असतं."

आता कळत होतं. मी 'नाही' म्हटलं तर जूनमध्ये जाहिरात निघेल आणि कोणीतरी एक माणूस येईल, वर्लिन हावलिकसारखा. 'हो' म्हटलं तर डेनव्हर एक माणूस पाठवेल, वर्लिन हावलिकसारखा. दोन्हीकडून पहिल्या बर्फात तो माणूस एकटाच ट्रकवर चढणार होता, आणि आत रेडिओपाशी कोणी नसणार होतं. त्याची मुलगी तेव्हा खोका घेऊन आलेली असेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं.

"सदस्यांपैकी कोणाला बोलायचंय?" नगराध्यक्षांनी विचारलं. "नाहीतर मतदान घेते."

मी माईकचं बटण दाबलं. लाल ठिपका लागला.

"लोरीन?"

"एक माणूस पुरत नाही," मी म्हटलं. माझा आवाज स्पीकरमधून मला परका वाटला. "माझे वडील पुरले नाहीत. अकरा फेब्रुवारीला सकाळी ते धावपट्टीवर बर्फ काढत होते आणि सूचना नोंदवायची राहून गेली होती. ॲम्ब्युलन्सचं विमान त्यांच्यावर उतरणार होतं. मी कार्यालयात होते म्हणून ते वर गेलं. मी नसते तर आत कोणी नव्हतं."

मग मागून ड्वाइट म्हणाला, "लोरी, बस कर."

"वहीत ते लिहिलेलं नाही. वहीत लिहिलंय की विशेष काही नाही. ते खरं नाही. मी पण तेव्हा गप्प राहिले."

"लोरीन," ग्राउ पुढे झाले, "हे सगळं इतिवृत्तात जातंय, लक्षात घ्या. तुम्ही पदावर असताना..."

"जाऊ द्या. मला तेच हवंय."

"अगं, तुझा बाप आहे तो!" ड्वाइटचा आवाज फाटला. "दहा दिवस नाही झाले!"

"अकरा झाले," मी म्हटलं. "ड्वाइट, तुला ते पंपापाशी सापडले. तू बराच वेळ त्यांच्याजवळ बसलास, हे मला माहीत आहे. म्हणून तुझ्यासमोर सांगतेय."

तो टोपी हातात चुरगळत उभा राहिला.

"मी कंपनीला मत देणार नाही, आणि एका माणसाच्या जाहिरातीलाही देणार नाही. दोन माणसं ठेवायची असतील तर ठराव तसा लिहा, मग हात वर करते. नाहीतर मी मत देत नाही, बरोबरी होऊ दे आणि जाहिरात काढण्याआधी पुढच्या महिन्यात पुन्हा बसू." पाण्याचा ग्लास समोर होता, पण तो उचलला तर पुढचं बोलता येणार नाही अशी भीती वाटली. "आणि दुसरी गोष्ट. विमानतळावरची दुसरी जागा आपोआप गेली नाही. दोन वर्षांपूर्वी ती रद्द करायची दुरुस्ती मी मांडली. कोणी माझ्याकडे मागितली नव्हती. नगराला त्यावाचून अडत नव्हतं. मुलगी म्हणून मी बापाची बाजू घेते असं दिसू नये, एवढंच मला हवं होतं. लायल, तुझी नोकरी त्यासाठी गेली."

लायलने वर पाहिलं. तो रागावलेला दिसत नव्हता. मला तो रागावलेला हवा होता.

"ते तिथे बसले होते," मी शेवटच्या रांगेकडे बोट केलं. आता तिथे एक अनोळखी बाई बाळाला घेऊन बसली होती. ती बिचारी दचकली. "त्यांनी सगळं ऐकलं. मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. दोन वर्षं मी दर गुरुवारी त्यांना डबा घेऊन गेले, आणि दर वेळी सांगायचं ठरवून गेले."

ऑड्राने हातोडी उचलली होती. ती तिने खाली ठेवली.

"डॅड, तुम्हाला एकटं मी पाडलं," मी म्हटलं. "ते मला तेव्हाही माहीत होतं. माझं चुकलं."